आप्पा मुद्दाम करत नाहीयेत

पत्र असं आहे:

"मावशी नमस्कार. विषय जरा घाण आहे पण कुणाला विचारायचं कळेना म्हणून तुम्हाला लिहितेय. माझे वडील, आप्पा, वय ६९, एसटीत कंडक्टर होते. तीन महिन्यांपूर्वी पॅरालिसिसचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि बोलणं पण गेलं. आता धरून खुर्चीत बसतात, चार पावलं टाकतात. पण संडासचं सगळं बिघडलंय. चार-पाच दिवस होतच नाही, आणि मग दिवसातून सहा-सात वेळा थोडं थोडं पातळ, कपड्यात, अंथरुणात. केमिस्टकडून लूज मोशनची गोळी आणून देतो, की परत बंद. पाणी तर पीतच नाहीत. 'पाणी पाणी' म्हणून ओरडतात आणि ग्लास पुढे केला की ढकलून देतात. भाऊ म्हणतो आप्पा मुद्दाम करतात, लहान पोरासारखं. माझा मुलगा दीड वर्षाचा आहे, घरात दोन साइजचे डायपर येतात. मी नेटवर वाचलं की मेंदूतला मोटर कॉर्टेक्स आतड्याचे स्नायू कंट्रोल करतो. एमआरआयमध्ये डाव्या बाजूला एमसीएचा इन्फार्क्ट असं लिहिलंय. म्हणजे तो मोटर कॉर्टेक्सच गेला असेल तर हे आता कायमचंच का? – आप्पांची लेक, मिरज"

अगं, घाण कसली त्यात. सत्तावीस वर्षं फिजिओथेरपी केली मी, त्यातली निम्मी पॅरालिसिसच्या पेशंटबरोबर, आणि घरचे लोक दारापर्यंत जाऊन परत वळतात आणि हळूच विचारतात तो प्रश्न हाच असतो. हात कधी उचलेल हे सगळ्यांसमोर विचारतात, संडासचं जिन्यात विचारतात. आणि आम्ही पण काही कमी नाही, डिस्चार्जच्या वेळी हाताचे व्यायाम, पायाचे व्यायाम, गोळ्यांचा कागद, सगळं समजावून सांगतो आणि पोट साफ होण्याबद्दल एक शब्द बोलत नाही, जसं काही माणूस घरी जाऊन फक्त हात-पायच हलवणार आहे.

तुझ्या कॉर्टेक्सवर येते, त्याच्याआधी एक काम आजच कर. ती लूज मोशनची गोळी बंद कर. चार-पाच दिवस काही नाही आणि मग थोडं थोडं पातळ सारखं गळतंय, हे वाचलं आणि मला पहिली शंका आली ती ही की आप्पांना लूज मोशन होतच नाहीयेत, त्यांना आत खडा अडकलाय. मोरी तुंबते ना, जाळीत भाताची शितं आणि केसांचा बोळा अडकतो, तरी बाजूबाजूने पाणी झिरपत राहतं, तसंच. मोठ्या आतड्याच्या शेवटी मल सुकून दगड होतो, त्याच्या वरचा पातळ भाग कडेने वाट काढून खाली येतो, आणि तो पातळ असल्यामुळे आवरून धरता येत नाही, चड्डीत गळतो. घरच्यांना वाटतं जुलाब. जुलाब म्हणून गोळी, गोळीने आतडं अजून सुस्त, खडा अजून मोठा, आणि चार दिवसांनी परत तेच. तुम्ही तीन महिने या चक्रात फिरताय बहुतेक. मी इथे बसून खात्रीने सांगू शकत नाही, पण तुमच्या डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत सांग की "बोटाने तपासून बघा, आत खडा आहे का". दोन मिनिटांचं काम आहे. असला तर तो आधी एनिमा देऊन किंवा हाताने काढावा लागतो, ते नर्सकडून करून घ्या, घरी यूट्यूब बघून प्रयोग नकोत. खडा निघाल्याशिवाय बाकीचं काहीही केलंस तरी उपयोग नाही.

दुसरी गोष्ट. "पाणी पाणी म्हणतात आणि ग्लास ढकलतात." हे वाक्य मी तीनदा वाचलं. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं म्हणजे डाव्या मेंदूतला भाषेचा भाग पण दुखावलाय. अशा पेशंटला म्हणायचं असतं एक आणि तोंडातून येतो भलताच शब्द, कधी कधी एकच शब्द सगळ्याला वापरतात. माझ्याकडे एक आजोबा होते ते सगळ्याला "सोमवार" म्हणायचे. चहा पण सोमवार, बायको पण सोमवार. तर मला दाट संशय आहे की आप्पांचं "पाणी" म्हणजे प्यायचं पाणी नाहीच, त्यांना संडासला जायचंय. आपल्याकडे मोठी माणसं तसंही "पाण्याला जाऊन येतो" म्हणायचीच की. पुढच्या वेळी "पाणी" म्हणाले की ग्लास नको, संडासकडे बोट दाखव आणि चेहरा बघ. माझा संशय खरा असेल तर विचार कर, तो माणूस तीन महिने वेळेवर सांगतोय आणि तुम्ही ग्लास पुढे करताय.

आता भावाचं "मुद्दाम करतात" आणि तुझं "कायमचंच का", या दोन्हीचं उत्तर एकच आहे, पण ते समजायला हे सगळं चालतं कसं ते थोडं बघावं लागेल. कंटाळू नकोस.

तू वाचलंस की मोटर कॉर्टेक्स आतड्याचे स्नायू कंट्रोल करतो. मोटर कॉर्टेक्स म्हणजे मेंदूच्या वरच्या थरातला, हालचालीचे हुकूम देणारा भाग. हे वाक्य अर्धं बरोबर आहे. आतडं, म्हणजे लहान आतडं आणि मोठं आतडं जवळजवळ सगळं, हे मेंदूच्या हुकमावर चालतच नाही. १८९९ मध्ये लंडनला बेलिस आणि स्टार्लिंग या दोघांनी कुत्र्यांवर प्रयोग केले, आतड्याकडे जाणाऱ्या बाहेरच्या नसा तोडल्या तरी आतडं आपलं पुढे ढकलायचं काम करतच राहिलं, मागचा भाग आवळतो, पुढचा सैल पडतो, माल पुढे. कारण आतड्याच्या भिंतीतच नसांचं स्वतःचं जाळं आहे, त्यात १० ते ५० कोटी नसपेशी आहेत. मेंदू वरून जास्त-कमी सांगतो, टेन्शन आलं की पोटात कालवतं ते त्यामुळेच, पण रोजचा कारभार खालीच चालतो. म्हणून माणूस झोपेत असो, बेशुद्ध असो, आतडं चालू असतं.

आप्पा कंडक्टर होते म्हणून त्यांच्याच भाषेत सांगते. गाडी ड्रायव्हर चालवतो. कंडक्टर स्टेअरिंगला हात लावत नाही, गिअर टाकत नाही, तो मागे तिकिटं फाडत असतो. पण गाडी कुठे थांबायची आणि थांब्यावरून कधी सुटायची हे त्याच्या दोरीवर. एक बेल, थांब. डबल बेल, चल. तर आतडं म्हणजे ड्रायव्हर आणि मोटर कॉर्टेक्स म्हणजे मागचा कंडक्टर. त्याच्या हातात फक्त शेवटचा दरवाजा आहे, आणि पोटाचे स्नायू, ज्यांनी आपण कुंथतो.

आणि तो शेवटचा दरवाजा पण दुहेरी आहे बरं का. गुदद्वाराला दोन रिंगा आहेत, आतली आणि बाहेरची. आतली रिंग आपल्या हातात नाही, ती आपोआप आवळलेली असते, चोवीस तास, आपण विसरलो तरी. बाहेरची आपल्या हातात. शिवाय वरती एक स्नायू आहे जो मागून गोफणीसारखा अडकवलेला असतो, तो आतड्याचा शेवट पुढे ओढून धरतो त्यामुळे तिथे काटकोनासारखं वळण तयार होतं, पाण्याचा पाइप दुमडला की धार थांबते तसं. आपण उकिडवे बसलो की ते वळण बरंच सरळ होतं. भारतीय संडासचं हे एक बरं होतं, गुडघ्यांची वाट लागते हे खरं असलं तरी.

आता बघ, मल खाली उतरला की रेक्टम, म्हणजे मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग, ताणलं जातं, आणि आतली रिंग आपोआप जराशी सैल पडते, कुणाला न विचारता. थोडासा नमुना खाली येतो आणि तिथली कातडी इतकी हुशार असते की ती ओळखते, गॅस आहे, पातळ आहे का घट्ट आहे. ही तपासणी दिवसभर चालू असते, आपल्याला पत्ता पण नसतो. मग वर निरोप जातो: आलंय. आणि मेंदू ठरवतो: आत्ता नको. तेव्हा बाहेरची रिंग आवळली जाते, मल परत वर सरकतो, कळ ओसरते. एसटीत आयुष्य काढलेल्या माणसाला हे काय सांगायचं, पुढचा डेपो येईपर्यंत धरून ठेवायची सवय त्यांच्याइतकी कुणाला असणार.

हा बाहेरच्या रिंगेचा हुकूम जातो कसा, तर मेंदूच्या वरच्या थरातून, म्हणजे मोटर कॉर्टेक्समधून, तार निघते ती पाठीच्या कण्यातून पार खाली माकडहाडाच्या वरच्या पातळीच्या नसांपर्यंत, डॉक्टर लोक एस २ ते एस ४ म्हणतात त्या. तिथे नसपेशींचा एक छोटासा पुंजका आहे, त्याला ओनुफचं केंद्र म्हणतात, न्यूयॉर्कच्या ओनुफ नावाच्या डॉक्टरांनी तो दाखवला, योगायोग म्हणजे ते पण १८९९ सालीच. तिथून नस निघते ती रिंगेत.

तुझ्या मुलाकडे बघ म्हणजे कळेल. त्याची ही वरून खाली येणारी तार अजून पुरती पक्की झालेली नाही, तिच्यावरचं वेष्टण चढतंय. म्हणून दूध पाजलं, खिमट भरवलं की दहा मिनिटांत शी. पोटात अन्न पडलं की मोठ्या आतड्याला जाग येते, हा रिफ्लेक्स आहे, लहानपणी असतो तसाच म्हातारपणी पण असतो, आपण फक्त मध्ये बसून "थांब" म्हणायला शिकतो. हे लक्षात ठेव, पुढे याचाच उपयोग करायचाय. पण म्हणून आप्पा "लहान पोरासारखं" करतात असं नाही. पोराला अजून लाज वाटत नाही, आप्पांना वाटते.

बरं, आता एमआरआय. मोटर कॉर्टेक्स म्हणजे मेंदूवरची एक पट्टी, साधारण कानापासून डोक्याच्या मध्यापर्यंत, हेअरबँड घालतो तिथे समज. कॅनडात मॉन्ट्रियलला पेनफिल्ड नावाचे सर्जन होते, ते पेशंट जागा असताना मेंदूवर बारीक करंट देऊन बघायचे कुठे हात हलतो, कुठे ओठ, त्यांनी १९३७ मध्ये हा नकाशा छापला. खाली कानाच्या बाजूला तोंड आणि जीभ, वर हात, डोक्याच्या शेंड्याकडे मांडी, आणि पाय तर पार शेंड्यावरून आत, दोन्ही मेंदूंच्या मधल्या फटीत उतरलेला. गुदद्वाराच्या रिंगेचा भाग तिथेच, फटीच्या आत, पावलाच्या शेजारी. म्हणजे हाताचा भाग माळ्यावर तर हा मागच्या खोलीत. आणि या दोन जागांना रक्त वेगवेगळ्या नळीतून जातं. आप्पांच्या रिपोर्टमध्ये एमसीएचा इन्फार्क्ट आहे, इन्फार्क्ट म्हणजे रक्त न पोचल्यामुळे मेलेला भाग, आणि एमसीए ती मधली नळी, ती मेंदूच्या बाहेरच्या बाजूला रक्त देते, तोंड, हात, आणि डावीकडे असेल तर बोलणं. फटीतल्या भागाला रक्त देते ती पुढची नळी, एसीए. तिचा झटका असता तर पाय हातापेक्षा जास्त गेला असता आणि लघवी-संडासचा कंट्रोल जायची भीती पण जास्त असती.

आणि यापेक्षा मोठी गोष्ट. हाताला हुकूम मुख्यतः एकाच बाजूने येतो, डाव्या मेंदूकडून उजव्या हाताला, म्हणून तिकडे झटका आला की हात लुळा. पण या रिंगेला हुकूम दोन्ही मेंदूंकडून येतो. डोक्यावर चुंबकाची कॉइल ठेवून मेंदूला टिचकी मारायची एक पद्धत आहे, १९८५ पासून आहे, त्याने पण हे तपासून झालंय, कुठल्याही एका बाजूला टिचकी मारली तरी रिंग आवळते. काही माणसांत एक बाजू जास्त जोरकस असते एवढंच. म्हणजे आप्पांच्या गाडीत दोन कंडक्टर आहेत. एक आजारी पडलाय. दुसऱ्याच्या हातात दोरी आहे अजून. मी रिपोर्ट बघितलेला नाही, आणि झटका मोठा असला तर खोलवरच्या तारा पण दुखावतात, त्यामुळे न्यूरोच्या डॉक्टरांना एकदा विचारच, पण फक्त "डावीकडे एमसीए" एवढ्यावरून "कायमचं" म्हणायला काही आधार नाही. पहिल्या आठवड्यांत ज्यांचा कंट्रोल गेलेला असतो त्यातल्या बऱ्याच लोकांचा पुढच्या महिन्यांमध्ये परत येतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

(तू नेटवर वाचलेलं अगदीच खोटं नाही हां. २०२० साली अमेरिकेत पिट्सबर्गला उंदरांच्या जठराच्या भिंतीत रेबीजचा व्हायरस सोडून तो नसेनसेने उलटा वर कुठे पोचतो ते बघितलं, तर तो मोटर कॉर्टेक्समध्ये पण सापडला, म्हणजे तिथून जठराकडे काहीतरी निरोप जातो हे नक्की. पण निरोप जाणं वेगळं आणि स्टेअरिंग हातात असणं वेगळं. नेटवरचे लोक या दोन्हीला कंट्रोल म्हणून मोकळे होतात.)

मग भाऊ. मेंदूच्या अगदी पुढच्या भागात, कपाळामागे, अजून एक अधिकारी बसतो जो ठरवतो की ही वेळ आणि ही जागा बरोबर आहे का. १९६४ साली इंग्लंडमध्ये अँड्र्यू आणि नेथन या डॉक्टरांनी असे पेशंट लिहून ठेवले ज्यांचा हा पुढचा भाग बिघडला होता आणि लघवी-संडास आवरत नव्हती. त्यात मला आठवतं ते हे की ती माणसं बेफिकीर नव्हती. शुद्धीत होती, शहाणी होती, कळत होतं, लाजेने मेल्याहून मेल्यासारखी झाली होती, फक्त आवरत नव्हतं. हे भावाला वाचून दाखव. मुद्दाम करणारा माणूस पाणी प्यायचं सोडत नाही. आप्पा पाणी का पीत नाहीत असं तुला वाटतं? मला वाटतं, कमी प्यायलं की कमी होईल, पोरीला कमी धुवायला लागेल. माझ्या सासूबाईंनी हेच केलं होतं, आणि आम्हाला कळायला सहा महिने लागले, मी स्वतः या लाइनमधली असून.

म्हणजे रिंग बहुधा ठीक असेल तर बिघडलंय काय? सगळंच थोडं थोडं. चालणं बंद झालं की आतडं सुस्तावतं. कुंथायला पोटाचे स्नायू लागतात, त्यातली एक बाजू अशक्त झालीय. पाणी नाही. जेवण मऊ भात-वरण, म्हणजे चोथा नाही. गोळ्या, त्यात लोहाच्या, कॅल्शियमच्या, काही दुखण्याच्या आणि झोपेच्या-मूडच्या गोळ्या पोट घट्ट करतात, तो कागद डॉक्टरांना दाखवून विचार यातली कुठली बदलता येईल का, पण मनाने एकही बंद करू नकोस, रक्त पातळ ठेवायची तर अजिबात नाही. आणि आडवं पडून बेडपॅनवर करायचं, हे तू एकदा स्वतः करून बघ म्हणजे कळेल. त्यात सांगता येत नाही, आणि सांगितलं तरी संडास चार पावलांवर नाही, चौदा पावलांवर.

तर आतला खडा निघाला की मग पुढे असं कर. कमोडची खुर्ची आण, मेडिकलच्या दुकानात मिळते, भाड्याने पण मिळते. रोज एकच वेळ ठरव, आणि ती वेळ म्हणजे सकाळचा चहा-नाश्ता झाल्यावर वीस-तीस मिनिटांनी, कारण तेव्हाच आतडं जागं होतं, नातवाचं होतं ना तसंच. होवो न होवो, रोज बसवायचं. पायाखाली पाट किंवा छोटं स्टूल दे म्हणजे गुडघे कमरेच्या वर येतील, पुढे जरा वाकू दे, कोपरं मांडीवर टेकव, उजवी बाजू लुळी आहे तर तिकडे उशी लाव, आणि आधाराला कोणीतरी हाताच्या अंतरावर पण पाठ करून. दार ओढून घे. हे दाराचं मी मुद्दाम सांगतेय, आपल्याकडे आजारी माणसाचं दार उघडंच ठेवतात आणि मग समोरून पाहुणे जातात, कुणाची रिंग सैल पडेल गं अशात? पडायची भीती असेल तर पडदा लाव, पण आडोसा दे. दहा-पंधरा मिनिटं बसव. त्याच्यापेक्षा जास्त नको, आणि जोरात कुंथायला लावू नकोस, बीपी चढतं. श्वास रोखून जोर लावण्यापेक्षा पोट फुगवून हळू "हूं" करायला सांग. पोटावर हात फिरव, खाली उजवीकडून सुरू करून वर, मग आडवा डावीकडे, मग डावीकडून खाली. मोठं आतडं त्याच वाटेने जातं म्हणून. उलटं चोळलंस तर काही भयंकर होणार नाही, पण उपयोग पण नाही.

पाण्याचं डॉक्टरांना विचारून ठरव, हार्ट किंवा किडनीचा त्रास असेल तर माप असतं. नसेल तर दिवसभर थोडं थोडं, ताक, डाळीचं पाणी, काहीही. पण आधी बघ, पातळ पिताना ठसका लागतो का, ओला आवाज येतो का. झटक्यानंतर गिळणं बिघडतं बऱ्याच जणांचं, आणि ठसका लागत असेल तर गिळण्याची तपासणी आधी, बाकी नंतर. आणि इसबगोल! शेजारीण सांगणारच आहे, नव्हे सांगून झालं असेल. इसबगोल चांगलं आहे पण ते भरपूर पाण्यात फुगतं तेव्हा चांगलं, पाणी न पिणाऱ्या, ठसका लागणाऱ्या, आत खडा असलेल्या माणसाला दिलं तर तो वरून अजून एक बूच बसवल्यासारखं होतं. त्यापेक्षा डॉक्टर एखादं मल मऊ करणारं सिरप किंवा पावडर देतील ते रोज ठरलेल्या मापाने दे, चार दिवस वाट बघून मग एकदम जुलाबाचं औषध असं करू नकोस. पपई, भिजवलेल्या मनुका, पालेभाजी बारीक करून, हे चालू ठेव. एरंडेल नको.

जमलं तर आप्पांना रिंगेचा व्यायाम पण शिकव. गॅस अडवतो तसं आवळायचं, पाच मोजेपर्यंत धरायचं, सोडायचं, दहा वेळा, दिवसातून तीनदा. दुसऱ्या कंडक्टरला काम देतोय असं समज. भाषा गेलेल्या माणसाला हे शब्दांत समजवणं अवघड असतं, तू स्वतःची मूठ आवळून-सोडून दाखव, नाही जमलं तर सोडून दे, बसायची वेळ पाळलीस तरी निम्मं काम होतं.

हे होत असताना कधी रक्त पडलं, काळी डांबरासारखी शी झाली, पोट फुगून दगड झालं आणि उलट्या लागल्या, तर घरी थांबू नकोस. किंवा अचानक दोन्ही पाय लुळे पडले, बसायच्या जागेची कातडी बधिर झाली आणि लघवी अडली, तर ते मेंदूचं नाही, कण्याचं असू शकतं, तेव्हा त्याच दिवशी हॉस्पिटल. नवीन झटक्यासारखं काही वाटलं तर तर एक मिनिटही नाही.

भावाला एक काम दे. तो लांबून मत देतोय कारण त्याच्या हातात काही काम नाही असं मला वाटतं, आणि बापाला धुवायला मुलाला पण लाज वाटते, ती तो रागात काढतो. कमोडची खुर्ची आणणं, सकाळी आप्पांना उचलून बसवणं, हे त्याचं. पुरुषाला पुरुषाने बसवलेलं आप्पांना पण सोपं जाईल. तू त्यांची लेक आहेस, तुझ्यासमोर त्यांना किती अवघड होत असेल हे तुलाही माहितीये.

आणि आप्पांच्या डाव्या हाताशी एक बेल बांध. टेबलावर दाबायची असते ती किंवा देवघरातली लहान घंटी, जे असेल ते. शब्द चुकीचा येतो पण बेल चुकीची येत नाही, निदान यांची तरी येणार नाही. एक बेल पाणी, डबल बेल संडास. आधी तू दोन-तीनदा करून दाखव, संडासकडे बोट आणि डबल बेल. आणि डबल बेल वाजली की हातातलं काम टाकून उठायचं, भाकरी तव्यावर असली तरी, कारण पहिल्या आठवड्यात दोनदा उशीर केलात तर ते वाजवायचं सोडून देतील. डायपर एकदम काढू नकोस, रात्रीचा राहू दे, दिवसाचा आधी तासभर काढून बघ, सकाळी कमोडवरून उठल्यानंतरचा तास.